जोतीरावांचे मृत्युपत्र

महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याची हकीकत मिळकतीच्या एका तंट्यापासून सुरू होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते. शाळेपासून आपण त्यांना भिडेवाड्यातील शाळा, हौद आणि सत्यशोधक समाज एवढ्यांतच पाहत आलो आहोत. पण हा माणूस प्रपंची होता. त्याला बायको होती, मूल होते, घर होते, मळा होता, येणे होते आणि देणेही होते. आपल्यामागे या सर्वांचे काय, हा प्रश्न त्यालाही पडला आणि त्याचे उत्तर त्याने सरकारी कचेरीत नोंदवून ठेवले. १० जुलै १८८७ चे ते मृत्युपत्र मध्ये ठेवून जोतीरावांचे चरित्र पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फुल्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. जोतीरावांचे पणजोबा तेथील चौगुले. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वैर आले, त्यात कुलकर्ण्याचा खून झाला आणि घराण्याने गाव सोडले. पुरंदर तालुक्यातील खानवडीला ते येऊन राहिले. पणजोबांचा मुलगा शेटीबा याने कर्जापायी खानवडीही सोडली आणि पुणे गाठले. त्याचे तीन मुलगे राणोजी, कृष्णा व गोविंद. तिघांनी फुलांच्या धंद्यात हात बसविला. पेशव्यांच्या वाड्यात त्यांची फुले, गजरे, फुलांच्या गाद्या जाऊ लागल्या. त्यावरूनच फुले हे आडनाव रूढ झाले. पेशव्यांनी खूश होऊन पस्तीस एकरांची इनाम जमीन दिली. पुढे शेटीबा वारला, आणि थोरल्या राणोजीने सारी जमीन आपल्या एकट्याच्या नावावर करून धाकट्या भावांना बाहेर काढले. कष्ट तिघांचे आणि कागद एकाचा! गोविंदरावांनी मग मुकाट्याने फुलांचे दुकान आणि थोडी बागाईत यांवर संसार चालविला.

याच गोविंदरावांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होण्याच्या आतच वारली. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बालविधवेने मुलाला वाढविले. म्हणजे ज्या बाईने पोटच्या पोरासारखे सांभाळले ती पोटची आई नव्हती, आणि ज्या चुलत्याचे रक्त एक होते त्याने जमीन गिळली होती. रक्ताचे नाते आणि मायेचे नाते ही दोन वेगळी असू शकतात, हा धडा या मुलाला लिहावाचायला येण्यापूर्वीच मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८४० मध्ये नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या सावित्रीशी त्यांचे लग्न झाले. वर तेरा वर्षांचा, वधू नऊ वर्षांची. शिक्षण मध्येच सुटले होते, ते १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले. तेथे सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे मित्र भेटले, इंग्रजी ग्रंथ हाती आले. टॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी याच सुमारास वाचला. शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रेही त्यांनी आवडीने वाचली, असे चरित्रकार सांगतात. या दोन परक्या नावांकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

शिक्षण आटोपल्यावर ते गोवंड्यांबरोबर नगरला गेले आणि तेथे मिस फरार या अमेरिकन बाईंनी चालविलेल्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. आपल्याकडच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पुण्याहून नगरला जाणारा रस्ता कोरेगाव भीमावरून शिरूरला येतो आणि घोडनदी ओलांडून पुढे जातो. आज आपण ज्या रस्त्याच्या कडेला एस.टी.ची वाट पाहत उभे राहतो, त्या वाटेनेच मुलींची शाळा काढण्याचा विचार पुण्यास गेला. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात ती शाळा निघाली. सावित्रीबाई शिक्षिका झाल्या.

पुढची हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लोकनिंदेच्या भीतीने गोविंदरावांनी १८४९ मध्ये मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. एकदा बापाला थोरल्या भावाने काढले होते, आता बापाने मुलाला काढले. दोघांनी शाळा सोडल्या नाहीत. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन गौरव झाला. पण शालजोडीवर चूल पेटत नाही. पोटासाठी जोतीराव कंत्राटदार झाले. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकान त्यांनी चालविले. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांच्या कंत्राटांचा संबंध आला. मांजरीला त्यांनी शेती केली. खडकवासल्यापासून निघालेला मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी करीत दौंड तालुक्यात येतो. त्याच्या पाण्यावर आपल्या भागातील कितीतरी घरांचा ऊस उभा राहिला. त्या धरणाच्या कामात घाम गाळणारे मजूर आणि त्यांना लुबाडणारे कारकून जोतीरावांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे त्यांच्या ग्रंथांत इंजिनिअरिंग खात्यावर आणि पाटबंधाऱ्याच्या खात्यावर जे कोरडे ओढलेले दिसतात, ते असे अनुभवाचे आहेत.

कंत्राटाचा पैसा जोतीरावांकडे आला तसा गेला. शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, दुष्काळात पोरक्या मुलांसाठी अन्न, पुस्तकांची छपाई, दारी आलेले विद्यार्थी. साठी जवळ आली तेव्हा हाती फारसे उरले नव्हते. जुन्या गंजातील घर होते. पण जे काही होते ते मुख्यतः स्वतःच्या कष्टाचे होते. हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, तो पुढे येईलच.

लग्नाला पुष्कळ वर्षे झाली तरी मूल झाले नाही. दुसरी बायको करावी म्हणून नातलगांनी जोतीरावांना आग्रह केला. त्या काळी यात कोणाला गैर वाटले नसते. उलट सावित्रीबाईंनीच सवत आणण्यास संमती द्यावी अशी अपेक्षा होती. जोतीरावांनी साफ नकार दिला. मूल न होण्याचा दोष नेहमी बाईच्याच माथी का मारावा, अशी त्यांची भूमिका होती. माझ्या मते शाळा काढण्यापेक्षाही हे कठीण होते. शाळेला विरोध करणारे बाहेरचे होते, हा आग्रह धरणारे घरचे होते.

१८६३ मध्ये या दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवून जावे, अशी सोय होती. जोतीरावांच्या एका नोंदीप्रमाणे पस्तीस गरोदर विधवा तेथे आल्या. बाळंतपणे सावित्रीबाई करीत. १८७४ च्या सुमारास अशाच एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी आपला म्हणून घेतला. त्याचे नाव यशवंत.

आता कायद्याचा पेच पाहा. इंग्रजी न्यायालये हिंदूंच्या वारशाचे दावे धर्मशास्त्राप्रमाणे चालवीत. दत्तक घ्यावयाचा मुलगा आपल्याच वर्णाचा असावा, आणि त्याच्या आईबापांनी तो रीतीने द्यावा, हे दत्तकाचे मुख्य नियम. यशवंताची आई ब्राह्मण; बाप कोण हे जगाला सांगण्याजोगे नाही; पालक माळी. म्हणजे एकही नियम धड लागू पडत नाही. उद्या कोणी भाऊबंद कोर्टात उभा राहिला असता तर हे दत्तक टिकले असते, अशी ग्वाही कोणत्याच वकिलाने दिली नसती. आणि सावित्रीबाईंचे काय? एकत्र कुटुंबातील विधवेला धर्मशास्त्राने अन्नवस्त्रापलीकडे काही दिले नव्हते. कुटुंब विभक्त असेल आणि मुलगा नसेल तर मिळकत विधवेच्या हाती येई, पण तीही हयातीपुरती. विकण्याचा वा देऊन टाकण्याचा हक्क तिला सहसा नसे. बाईचा हा हक्क १९३७ च्या कायद्याने थोडा वाढला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने खऱ्या अर्थाने प्रस्थापित झाला. जोतीरावांच्या हयातीत यांतले काहीच नव्हते. पस्तीस एकरांची हकीकत ज्या घरात पोराबाळांनी ऐकली होती, त्या घरच्या माणसाला भाऊबंदकी म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते.

एकच दार मोकळे होते. वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाबाळांचा जन्मतः हक्क. पण माणसाने स्वतः कमावलेली मिळकत तो इच्छेस येईल त्याला देऊ शकतो, हे न्यायालयांनी मान्य केले होते. मृत्युपत्र ही वस्तू मुळात आपल्या धर्मशास्त्रातील नव्हे. इंग्रजी अमलात ती रुजली, आणि मुंबई-कलकत्त्याच्या शेठसावकारांनी ती आधी उचलली. गंज पेठेतील एका माळ्याने तिचा उपयोग एका परक्या पोराला आणि एका निपुत्रिक बाईला उभे करण्यासाठी केला. यशवंताची जात, त्याचा बाप, त्याचे दत्तक, सारे प्रश्न या एका कागदाने बाजूला पडत होते.

असा कागद करणारे जोतीराव पहिले नव्हेत, आणि ज्यांची चरित्रे व ग्रंथ त्यांनी वाचले त्या दोघांची मृत्युपत्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपले मृत्युपत्र ९ जुलै १७९९ रोजी स्वहस्ताने लिहिले. त्यांनाही स्वतःचे मूल नव्हते. बहुतेक मिळकत त्यांनी पत्नी मार्था यांना त्यांच्या हयातीपर्यंत दिली, आणि आपल्या मालकीचे एकशे तेवीस गुलाम मार्थाबाईंच्या मागे मुक्त व्हावेत असे लिहिले. ज्या माणसांची सुटका आपल्या मरणावर अवलंबून आहे त्यांच्यामध्ये राहणे मार्थाबाईंना अवघड झाले असावे. त्यांनी १ जानेवारी १८०१ रोजी, स्वतःच्या हयातीतच, त्यांना सोडले. दुसरे टॉमस पेन. त्यांनी १८०९ च्या जानेवारीत केलेल्या मृत्युपत्रात आपल्या शेताचा मोठा भाग मादाम बोनव्हील या फ्रेंच बाईंसाठी ठेवला. हिच्या नवऱ्याने पॅरिसमध्ये पेन यांना आसरा दिला होता, आणि ती आता मुलांसह अमेरिकेत एकटी पडली होती. मिळकत तिच्या एकटीच्या ताब्यात राहावी, नवऱ्याचा तीवर अधिकार नसावा, आणि उत्पन्नातून मुलांचे पालनपोषण व शिक्षण व्हावे अशी व्यवस्था पेन यांनी केली. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याच्या हाती जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे या कलमाची किंमत कळते. आपल्याला क्वेकर पंथाच्या दफनभूमीत पुरावे ही पेन यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. पंथाने नकार दिला आणि त्यांना शेतातच पुरावे लागले.

जोतीरावांनी ही मृत्युपत्रे वाचली होती असे माझे म्हणणे नाही. पण अमेरिकेकडे त्यांचे लक्ष होते हे निश्चित. १८७३ मध्ये त्यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ निग्रोंची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. रक्ताच्या नात्याबाहेरचा माणूस कागदाच्या बळावर घरचा करता येतो, हे तिन्ही मृत्युपत्रांतील समान सूत्र आहे.

मृत्युपत्राची गोष्ट शेटसावकारांची झाली. आपल्या शिरूर-दौंडकडील कुणब्याचे मृत्युपत्र त्या काळी वेगळेच असे. ते सावकाराच्या पेटीत असे आणि त्याचे नाव कर्जरोखा. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हा धर्म मानला जाई. मुंबई सरकारच्या १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वारसाला मिळालेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली खरी, पण मिळकत म्हणजे तीच काय ती जमीन, आणि ती तर आधीच गहाण. अडाणी कुणबी अंगठा उठवी आणि पोराच्या पोटाची भाकर लिहून देई. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो उतरला, सारा मात्र वाढला, आणि कर्ज तुंबले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकाने फोडली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडे. तेथून लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरले. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. मागणी एकच, रोखे आणि हुकूमनामे बाहेर काढा. ते हाती आले की त्यांची होळी होई. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

याच शेतकऱ्याची कैफियत जोतीरावांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात मांडली. कागद वाचता न आल्यामुळे माणूस कसा नागवला जातो हे त्यांनी जन्मभर सांगितले. शिकलेल्या माणसाच्या हाती कागद हे तलवारीसारखे असते आणि न शिकलेल्याच्या मानेवर तीच तलवार असते, हे त्यांना पुरते उमगले होते. म्हणूनच त्यांचे स्वतःचे मृत्युपत्र मोघम नाही. रीतसर साक्षीदारांसह ते लिहिले गेले आणि १८ जुलै १८८७ रोजी हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले. मृत्युपत्र नोंदवलेच पाहिजे असे कायद्याचे बंधन नव्हते, आजही नाही. तरी ते नोंदवले.

त्यात काय आहे? यशवंत हा आपला मुलगा असे स्पष्ट करून जोतीरावांनी त्याला वारस ठरविले आणि तो जाणता होईपर्यंत सारा भार सावित्रीबाईंवर सोपविला. यशवंत तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. येथपर्यंत कोणत्याही कुटुंबवत्सल माणसाच्या मृत्युपत्रासारखेच ते आहे. पण पुढे एक कलम असे आहे की ते वाचून मन चमकते. यशवंत शिकून शहाणा झाला नाही, उनाड व दुर्गुणी निघाला, तर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाच्या सभासदांच्या बहुमताने माळी, कुणबी, धनगर अशा शूद्र मानलेल्या जातींतील एखादा लायक मुलगा पाहून त्याला आपल्या मिळकतीचा मालक करावे. एवढ्या मायेने घरी आणलेल्या मुलालाही वारसा फुकट मिळणार नव्हता. तो विद्येने कमवावयाचा होता. हे कलम काहींना कठोर वाटेल. मलाही ते प्रथम तसे वाटले. पण यशवंत जन्माने ब्राह्मणीचा, आणि पर्यायी वारस माळी-कुणबी-धनगरांतील. जन्म कोणता हा प्रश्नच जोतीरावांनी दोन्ही बाजूंनी निकालात काढला आहे. शिवाय निवड करणारी बाई आहे, हेही विसरता कामा नये. नवऱ्यामागे विधवेने अन्नवस्त्र मागत कोपऱ्यात बसावे, अशा काळात बहुमताने सल्ला घेऊन मिळकतीचा वारस ठरविण्याचे काम त्यांनी पत्नीकडे दिले.

आपल्या अंत्यविधीबद्दलही त्यांनी लिहून ठेवले. भटांच्या हातून कोणताही संस्कार होऊ नये, पिंडदान वगैरे करू नये, आणि प्रेत जाळू नये; मिठात घालून घरामागे पुरावे. त्यासाठी जागाही ठरवून खड्डा तयार केला होता.

मृत्युपत्र झाल्यावर पुढच्या तीन वर्षांत पुष्कळ गोष्टी झपाट्याने घडल्या. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातील सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी जुलैत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू निकामी झाली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात गेला तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्यास सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्यधर्म हा शेवटचा ग्रंथ पुरा केला. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे लग्न झाले. हडपसरचे ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे या सत्यशोधकांची मुलगी राधा ही सून म्हणून आली. ज्याच्या आईबापांची विचारपूस करून कोणीही सोयरीक नाकारली असती, त्याला मुलगी देणाऱ्या ससाण्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. लग्न अर्थात सत्यशोधक पद्धतीने, भटाशिवाय.

दुखण्याने घरात पैसा येणे थांबले. मुंबईचे मामा परमानंद यांनी ३१ जुलै १८९० रोजी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला साहाय्य करावे अशी विनंती केली. मदत येण्यापूर्वीच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीरावांचे निधन झाले.

मृत्युपत्राची पहिली कसोटी त्याच दिवशी लागली. घरामागे पुरण्याला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत जोतीरावांनी सभासद म्हणून काही वर्षे काम केले होते तीच ही संस्था. पेन यांच्या नशिबी जे आले तेच येथेही आले, फक्त उलट्या क्रमाने. त्यांना दहन करावे लागले. दुसरी कसोटी अधिक कडू होती. अंत्ययात्रेत पुढे टिटवे कोणी धरावे यावर भाऊबंदांनी हरकत घेतली, असे सांगितले जाते. टिटवे धरील तो वारस, ही लोकांची समजूत. दत्तक पोराच्या हातून ते घेतले की पुढचा दावा सोपा. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन चालू लागल्या. बाईने स्मशानात जाऊ नये अशा त्या दिवसांत पत्नीनेच पतीला अग्नी दिला. मृत्युपत्राचा अर्थ तिला जसा कळला होता तसा कोणा वकिलाला कळला नसता. ३० नोव्हेंबरला अस्थी आणून जोतीरावांनी तयार केलेल्या त्या खड्ड्यातच ठेवल्या आणि वर पादुका बसविल्या. इतक्यापुरते तरी मृत्युपत्र पाळले गेले.

यशवंत उनाड निघाला नाही. वडिलांचा राहिलेला ग्रंथ त्याने १८९१ मध्ये छापून प्रसिद्ध केला. तो वैद्यकी शिकून डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीस लागला. मृत्युपत्रातील दुसरा वारस शोधण्याची वेळ सावित्रीबाईंवर कधी आली नाही. बडोद्याहून एक हजार रुपये मंजूर झाले. ते ठेवून त्यांचे वर्षाचे पन्नास रुपये व्याज सावित्रीबाईंना मिळू लागले. महिन्याला चार रुपये दोन-तीन आणे. तेवढ्यावर त्यांनी दिवस काढले, आणि १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थानही भूषविले. १८९५ च्या मार्चमध्ये सून राधा वारली.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला. सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले आणि ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. मायलेक दोघे मिळून रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, तेथेच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मृत्युपत्रात ज्याला विद्वान कर म्हणून त्यांच्या हाती सोपविले होते, तो डॉक्टर मुलगा त्या वेळी त्यांच्याजवळ होता.

यशवंतरावांनी पुढे दुसरे लग्न केले. १९०५ मध्ये तेही गेले. त्यांनी मागे पत्नी चंद्रभागाबाई आणि एक लहान मुलगी ठेवली, आणि या दोघींसाठी जोतीरावांच्यासारखा कागद कोणी करून ठेवलेला नव्हता. त्यांचे फार हाल झाले. गंज पेठेतील घर विकावे लागले, आणि ज्या घराने पस्तीस विधवांना आसरा दिला त्या घरची विधवा सून निराधार झाली. सत्यशोधक समाज तोवर कोल्हापूर-साताऱ्याकडे जोमाने वाढत होता. पण पुण्यातील या दोन जिवांकडे कोणाचे पुरेसे लक्ष गेले नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिले पाहिजे. चरित्रे बहुधा जयंतीच्या भाषणांत संपतात, चंद्रभागाबाईंपर्यंत ती पोचत नाहीत.

ते घर आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेले आहे. आवारात १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुले केलेले पाणी आहे, आणि मागच्या बाजूला ती समाधी. पुण्यास गेलात तर गंज पेठेत समता भूमी म्हणून विचारावे, कोणीही रिक्षावाला नेऊन सोडतो.